घड धरायला उभा केलेला माणूस

साल दोन हजार बावीस. मी चौसष्ट वर्षांचा. गंगापूर रोडवरच्या क्लासात मॅडमनी मला सगळ्यांपुढे उभं केलं आणि हातात द्राक्षाचा घड दिला.

"काका, तुम्ही नुसता धरा. तुम्हाला सवय आहे."

पोरं हसली.

क्लास एक्स्पोर्टच्या इंग्रजीचा. देठ, मणी, साखर, डाग, पेटी, सगळ्याला परदेशी गिऱ्हाईक काय म्हणतं ते शिकवायचे. शिकायला बागायतदारांची पोरं, गाड्यांतून येणारी. मी तिसरी शिकलेला. दिंडोरीच्या पॅकहाऊसवर, जिथं द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात, बायांच्या टोळीचा मुकादम. फी मात्र त्यांच्याएवढीच भरलेली. सकाळी पहिल्या एसटीनं क्लास, दहाला काम.

का गेलो ते सांगतो. आदल्या हंगामात एक गोरा तपासनीस आमच्या टेबलापाशी थांबला. बोट दाखवून दोन वाक्यं बोलला. मालकाच्या पुतण्यानं आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणतात, घाण काम. या बाया काढा." बारा बाया त्याच दिवशी घरी गेल्या. त्यांत माझी धाकटी बहीण. गोरा खरंच तसं बोलला का? मला आजही माहीत नाही. पुढच्या वेळी मला माझ्या कानानं ऐकायचं होतं.

तर मी उभा. हात वर. मॅडम शब्द सांगताहेत, पोरं लिहिताहेत. माझी वही बाकावर बंद. मी हात बदलला, तसा घड हलला.

"काका, हलू नका ना. आमचा फळा हलतोय!" मागून एक जण. मॅडमही हसल्या.

"मॅडम, मलाबी लिहायचंय."

"तुम्ही लिहून काय करणार, काका?"

मण्यावर पांढरी झाक असते. ती पुसली की माल गेला. म्हणून आमच्यात घड देठालाच धरायचा. मण्याला बोट लावणाऱ्या बाईला टेबलावरून उठवतात. मॅडमनी त्या झाकेचा शब्द सांगितला आणि अंगठ्यानं ती पुसून दाखवली. मग पोरं उठली. माझ्या हातातूनच मणी तोडून खाल्ले. मी तसाच धरून. शेवटी नुसत्या काड्या उरल्या.

"डस्टबिन तिकडे आहे, काका," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मला माझंच दिसलं. कुणी बांधून घातलं नव्हतं. उभं राहा म्हटलं, राहिलो. बारा बाया निघाल्या त्या दिवशीही मी असाच उभा होतो. पुतण्यापुढे मान हलवत. बहीण माझ्याकडे बघत होती.

काड्या मी मॅडमच्या उघड्या पुस्तकावर ठेवल्या.

"खाल्लं त्यानं टाका."

"अहो काका, गंमत होती."

"मी गमतीची फी नाय भरली."

"एवढा राग येत असेल तर उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लासचं कुलूप उघडायच्या आधी पोचलो. दार उघडल्यावर पहिल्या बाकावर, मॅडमच्या खुर्चीसमोर बसलो. मॅडम आल्या. थबकल्या. मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. वर एकच ओळ लिहून आणली होती: घाण काम, या बाया काढा.

"हे इंग्रजीत कसं बोलत्यात ते सांगा," मी म्हणालो. "सांगेपर्यंत मी उठणार नाय."