आतोबांची परमिट रूम

दारूच्या थेंबाला न शिवता परमिट रूममध्ये आयुष्य काढणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो आमच्या नात्यात निघाला. थोरल्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. भुसार दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ते रोज संध्याकाळी कळंब्याहून स्कूटर मारत पेठेतल्या त्या जुन्या परमिट रूममध्ये यायचे, लिंबू-सोडा आणि खारे शेंगदाणे मागवायचे आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणायचे, "पावणं, बसलाय कुठं, ठावं हाय का?" मग सुरू व्हायचा इतिहास. गिऱ्हाईक अंगापिंडानं दणकट असलं, तर इथे पूर्वी पैलवानांची थंडाई घोटली जायची. पुण्याचं असलं, तर दगडी कमानीखाली संस्थानचे घोडे बांधले जायचे. आणि निपाणीकडचं असलं, तर तेच सगळं कानडीत, दोन घोडे वाढवून. घरी मात्र त्यांनी तोंड उघडलं की आत्या कुकर लावायला उठायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मालकाने ती इमारत पाडून शॉपिंग सेंटर बांधायचं ठरवलं. आतोबांनी कित्येक दिवस शेंगदाण्यांना हात लावला नाही. मग उठले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि वारसा समितीची माणसं घेऊनच आले. त्यांना माहिती देताना घोडे आणि थंडाई एकाच खोलीत आली, पण समितीला कमान आणि सागवानी काउंटर मनापासून आवडलं. इमारत हेरिटेजच्या यादीत गेली. "आता खिळा मारायचा म्हटला तर बी परवानगी," म्हणून मालक बरेच दिवस धुमसत होता.

खरी पंचाईत पुढेच झाली. समितीने भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पितळी पाटी लावली. चार ओळींत सगळा इतिहास, तोही खरा, आणि घोडा एकही नाही. येणारा माणूस पाटी वाचायचा आणि ग्लास उचलायचा. जागा वाचवली आतोबांनी, आणि ऐकणारं माणूस त्यांनाच उरलं नाही. मला फार वाईट वाटलं. पण ते हार मानणारे नव्हते. थोड्याच दिवसांत त्यांनी आपली खुर्ची भिंतीला लावली आणि डोकं बरोबर पाटीवर टेकून बसू लागले. ते होते तोवर ती पाटी कुणाला धड वाचता आली नाही.

आतोबा गेल्यावर परवा पहिल्यांदाच तिथे गेलो. खुर्ची रिकामी होती, पाटी उघडी होती, आणि पाटीच्या मधोमध त्यांच्या खोबरेल तेलाचा काळपट गोल डाग. डोळे भरून आले. मालकाला विचारलं, "हे पुसून घेतलं नाही?"

तो काउंटर पुसता पुसता म्हणाला, "कसं पुसायचं, पावणं? हेरिटेज हाय ते. हात लावता येत न्हाय."