चावी काढली तरी इंजिन थांबेना

देवाबद्दल लिहायचं तर आधी कबुली देतो, की मी देवाला फारसा मानणारा नव्हतो. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी मेंटेनन्स ऑफिसर होतो. पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर ही माझी दैवतं, वेळच्या वेळी तेलपाणी दिलं की पावतात, नवस लागत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि स्वतःच हसायचो. राग नाकावर. कारखान्यात माणसं माझ्यासमोर बोलताना आधी माझा चेहरा बघत. घरीही तेच. मालतीने, माझ्या बायकोने, बावीस वर्षं माझा चेहरा बघूनच संसार केला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मालतीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही मुंबईत, कारण तेव्हा आमच्या बदलापूरला तशी सोय नव्हती. परतताना ती इतकी गळून जायची की उभं राहता यायचं नाही. तिला गाडीनेच नेणं भाग होतं. तिच्या थोरल्या भावाने आखातातून परतताना एक जपानी डिझेल गाडी आणली होती, टर्बोवाली. गाडी दहा-अकरा वर्षांची झालेली, पार्ट मिळत नसत. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, तुम्ही इंजिनियर आहात, तुम्हीच ही चालवू शकाल. मला ते ऐकून बरं वाटलं. हिचा जीव आता या गाडीवर आहे आणि गाडी माझ्यावर, असं मी मनाशी घेतलं. देवाला त्यात जागाच ठेवली नव्हती.

टर्बो म्हणजे एक छोटासा पंखा. इंजिनाचा धूर त्याला फिरवतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फिरतो भयंकर, तापून लाल होतो. त्याला जिवंत ठेवतं ते इंजिनातून येणारं तेल. इंजिन बंद झालं की तेल बंद, आणि तापलेला पंखा जळतो, म्हणून गाडी थांबली की लगेच बंद करायची नसते. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची, पंखा निवेपर्यंत. हे मला उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याची स्वतःची रीत होती. बंद करायच्या आधी अकरा वेळा झूलेलालचं नाव घ्यायचं, सावकाश, मग चावी फिरवायची. म्हणाला, "साब, आपका जो भगवान है उसका बोलो. लेकिन ग्यारह बार बोलो."

मी म्हणालो, तू गाडी दुरुस्त करतोस की कीर्तन? तो हसला आणि हात पुसत आत गेला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण माझ्यासारख्या दीडशहाण्याला कशाचाच नसतो. कारखान्यात वीस वर्षं मी एकच धडा सगळ्यांना घोकायला लावला होता: रिकामं मशीन फिरवायचं नाही, पाप आहे. त्यात आमच्या भागात रेल्वेची फाटकं. फाटक पडलं की रिक्षा, टेम्पो, स्कूटर, सगळे फटाफट इंजिन बंद करतात. मीही करायचो. भरधाव यायचं, फाटक पडलेलं दिसलं की ब्रेक, आणि लगेच चावी. जाताना, येताना, आठवड्यात कितीदा तरी. मालती मागच्या सीटवर डोळे मिटून जप करत असायची. मला वाटायचं, हिचं देवाचं चाललंय, माझं डिझेल वाचवायचं.

त्या दिवशी सकाळपासूनच तिचा श्वास लागला होता. आधीच्या खेपेला डायलिसिस नीट झालं नव्हतं आणि छातीत पाणी साठलं होतं. आडवं होता येत नव्हतं, ओठ काळसर पडले होते. मी गाडी दामटत फाटकाशी आलो तर ते पडलेलं. सवयीने चावी फिरवली. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी स्टार्टर मारला. मागे निळ्या धुराचा लोट उठला आणि इंजिनाने जो आवाज धरला तो वाढतच गेला. मी पाय काढला तरी वाढतोय. न्यूट्रलला टाकलं तरी वाढतोय. चावी काढली. चावी माझ्या हातात, आणि इंजिन किंचाळतंय.

काय झालंय ते मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं, आणि त्यानेच मी गारठलो. टर्बोचं बेअरिंग जळालं होतं, इंजिनाचं स्वतःचं तेल हवेच्या पाइपातून आत ओढलं जात होतं आणि इंजिन तेच जाळून पळत होतं. असं पळालेलं डिझेल इंजिन तेल संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत थांबत नाही. फुटलं तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. मागच्या सीटवर माझी बायको बसलेली, तिला उठताही येत नव्हतं. लोक लांब पळाले. मी दार उघडून तिला ओढायला लागलो, तर तिची काखसुद्धा मला नीट धरता येईना. वीस वर्षांचा मेंटेनन्स ऑफिसर, आणि काय करायचं ते माहीत असून एक काम हाताने होईना! तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "देवा, आता तूच बघ. मला नाही जमत." आयुष्यात पहिल्यांदाच. कुठला देव, तेही ठरवलं नव्हतं.

फाटकापाशी एक माणूस सायकल धरून उभा होता, मागे कोंड्याची दोन पोती. जवळच्या सोनिवली गावचा, पन्नाशीचा, अंगात बनियन आणि अर्धी चड्डी. त्याने सायकल टाकली, एक पोतं रस्त्यावरच रिकामं केलं, गोणपाट कडेच्या डबक्यात बुचकळलं आणि बॉनेट उघडून आत वाकला. हवेचा रबरी पाइप त्याने उपटला आणि ओल्या गोणपाटाची चौपदरी घडी त्या तोंडावर दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. मला ओरडून म्हणाला, "हवा कोंडल्याबिगर नाय थांबायचा त्यो! बाईला घे तू." इंजिन दोनदा गचके देऊन थांबलं. एवढी शांतता झाली, की मालतीचा श्वास ऐकू यायला लागला.

त्याची भाताची गिरणी होती आणि तिचं जुनं डिझेल इंजिन असंच अधूनमधून पळायचं. टर्बो म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. मुंबईपर्यंत नेणारी दुसरी गाडी तिथे नव्हती. हिचं पुढचं मला ठाऊक होतं. टर्बोकडे जाणारी तेलाची नळी ठोकून बंद करायची, टर्बो वगळून हवेचा पाइप उघडाच ठेवायचा आणि गाडी बैलगाडीसारखी हळू न्यायची. पण माझ्या हातात पाना ठरत नव्हता. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "तू बोल, मी खोलतो." मी मालतीचं डोकं खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो आणि तिथून सांगत राहिलो, डावीकडची नळी, तिच्या खालचा नट, आता ठोक, आता दुमड. तो करत राहिला. मध्येच सायकलवरून जाऊन गिरणीतून तेलाचा डबा घेऊन आला. पाइपाच्या उघड्या तोंडावर मालतीने आपला सुती पंचा बांधायला दिला.

तशा गाडीने, धूर ओकत, आम्ही दुपारी मुंबईला पोचलो. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला लगेच आत नेलं. संध्याकाळी तिचा श्वास मोकळा झाला.

पुढे तो माणूस कुठेच सापडला नाही, असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. मी पेढे घेऊन गेलो, गिरणी लगेच सापडली, तो तुसाच्या धुळीने माखलेला बाहेर आला आणि आधी त्या सांडलेल्या कोंड्याबद्दलच कुरकुरला. म्हशीला त्या दिवशी अर्धपोटी ठेवावं लागलं म्हणे. त्या दिवशी तो एरवीच्या वेळेआधीच निघाला होता, का ते त्यालाही सांगता येईना. मालती म्हणाली, तुम्ही हाक मारलीत ना, मग आलं कुणीतरी. मी तिच्याशी वाद घातला नाही. आजही घालत नाही.

टर्बो घेऊन मी कॅम्प दोनला गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीने तो खोलून माझ्यासमोर धरला. आतलं तेल करपून काळ्या डांबरासारखं झालेलं. त्याने विचारलं, "साब, बंद कौन करता है?" मी म्हणालो, मीच. तो रागावला नाही, मान हलवली आणि कामाला लागला. त्याने रागवायला हवं होतं. गाडी जुनी झाली होती म्हणून बिघडली नव्हती, मी ती फाटकाफाटकावर मारली होती, आणि तिच्याबरोबर मालतीला मारायला निघालो होतो. हे पोटात घेऊन दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मिस्त्री सांगत होता तेव्हा मी मागेच बसले होते ना. दर फाटकाला वाटायचं, म्हणावं, अहो, थोडं थांबा. पण तुम्हाला सांगायचं कुणी?"

मला कुणी इतकं कधी मारलं नव्हतं. मरण जवळ येताना दिसत असूनही या बाईला माझ्या रागाचं भय जास्त वाटत होतं. देव्हाऱ्यापुढे बसून मी त्या दिवशी रडलो, ओक्साबोक्शी. क्षमा तिची मागायची होती की त्याची, मला कळेना.

मिस्त्रीने खटपट करून कुठूनसा नवा टर्बो मिळवला आणि गाडी दुरुस्त झाली. अजून दहा महिने आम्ही जात-येत राहिलो. गाडीत ती बोलायला लागली होती, मी ऐकायला. पण तिचं शरीर उतरत गेलं. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा संपल्या, रात्र-रात्र अंगाला खाज, डायलिसिस चालू असताना रक्तदाब कोसळायचा. एका सकाळी मी गाडी पुसून दारात आणली, तर ती पलंगावरून उठलीच नाही. म्हणाली, "गाडीला नवा पार्ट मिळाला. मला नाही मिळायचा. आता नका नेऊ मला."

माझ्या ओठांवर नेहमीचं आलं होतं, काहीतरी वेड्यासारखं बोलू नकोस, चल ऊठ. आतून सगळं ओरडत होतं की हिला उचल आणि गाडीत घाल. मी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसलो. मग म्हणालो, "बरं." सगळ्या जन्मात कुठलाही शब्द उच्चारायला मला इतकं जड गेलं नव्हतं. तिने माझा हात धरला आणि ती डोळे मिटून पडून राहिली.

दोन दिवसांनी तिला अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिला उतरवेना. मी तिला मंडपातल्या खांबाला टेकवून बसवलं आणि तिचं बेलाचं पान घेऊन एकटाच उतरलो. खाली गारवा होता, अंधार होता, पिंडीवर पाणी ठिबकत होतं. मागायचं काय? तिला जगव म्हणावं, तर तिनेच थांबायचं ठरवलेलं. तिला ने म्हणावं, तर जीभ उचलेना. मी पान वाहिलं आणि वर आलो.

तिने विचारलं, "काय मागितलंत?"

मी म्हणालो, "काही सुचलं नाही. तुझं नाव घेतलं फक्त."

"तेवढं कळतं त्याला," ती म्हणाली, आणि चारचौघांत, देवळात, माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. बावीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

देवळातून आल्यावर सहाव्या दिवशी सकाळी ती गेली, घरात, माझा हात धरून. देवाने तिला माझ्याकडे राहू दिलं नाही, हे दुःख मरेपर्यंत माझ्याबरोबर राहील आणि ते मी लपवतही नाही. पण तिचं ऐकण्याइतकी अक्कल त्याने मला ती जिवंत असताना दिली. कितीजणांना ती मागाहून येते.