चायना आहे की ओरिजनल?

कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात बसलं की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. गिऱ्हाईक कपडा नेतं, घालतं, परत आणतं आणि काय काय घडलं ते सांगितल्याशिवाय काही पायरी उतरत नाही. कपडा आम्ही धुवायला टाकतो, किस्सा तसाच राहतो. आमच्या अमरावतीच्या दुकानात तर आता असे इतके साचलेत की टांगायला खुंटी शिल्लक नाही!

दुकान बाबांचं. घरचा मूळ धंदा फुलांचा, काका अजून मार्केटात हार विकतात. बाबांनी मात्र शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कपडे ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे त्याला ड्रेपरी म्हणतात. मावळे, कृष्ण, परी, वांगं, टमाटर, सगळं मिळतं. बाबा स्वभावानं भयंकर संशयी. लहानसा कृष्ण बासरी परत द्यायला आला, तर त्याच्यासमोर ती वाजवून बघतात, बदलली तर नाही ना म्हणून!

अशा माणसाच्या मुलीनं फोटोग्राफरच्या प्रेमात पडू नये. मी पडले. प्रफुल अकोल्याचा, लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढतो, त्यासाठी कपडे आमच्याकडून नेतो. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं आणि तसं मी बाबांना सांगूनही टाकलं. बाबांनी हातातला परीचा पंख खाली ठेवला.

"जो मानूस दिवसभर दुसऱ्याले खोटं हसाले लावते, त्याच्यावर भरोसा कसा ठेवाचा?"

झालं! त्या दिवसापासून दुकानात दोन पार्ट्या. एक बाबा, एक मी. आणि मध्ये ते चिनी ड्रेस.

*

चिनी ड्रेस दुकानात आणायची आयडिया प्रफुलचीच.

"काका, आजकाल जोडप्याईले ट्रॅव्हल थीम पाह्यजे. परदेशात फिरून आल्यासारखे फोटो. तुमी चिनी ड्रेस ठेवा. सेमाडोहच्या जंगलात, सकाळच्या धुक्यात उभं केलं की चीनच वाटते!"

"तू चीन पाह्यलं काय?"

"नाई."

"मंग तुले काय मालूम, ते कशासारखं वाटते?"

प्रफुलनं मोबाईलवरचे चिनी ड्रेसचे फोटोच पुढं केले. पण धंद्याचा वास बाबांनाही लागला होता. सुरतेहून साटिन आलं, मोबाईलवरचे फोटो बघून आमच्या टेलरनं ड्रेस शिवले. बाईसाठी लाल, पायघोळ, मोठ्या बाह्यांचा. माणसासाठी निळा झगा, छातीवर ड्रॅगन. ड्रॅगन जरा घोरपडीसारखा झाला, पण लांबून चालून जातो.

*

पहिलंच गिऱ्हाईक. नवरदेव, सोबत त्याचा मोठा भाऊ. भावानं ड्रेस हातात घेतला, कापड चोळून पाहिलं, उलटा करून शिवण पाहिली आणि बाबांकडे रोखून बघत विचारलं, "हा माल चायना त नाई ना?"

बाबा म्हणाले, "चायनाच आहे."

"मंग नको. ओरिजनल दाखवा."

"ओरिजनलच आहे भाऊ. चायना आहे ना!"

"ओरिजनल हाय त चायना कसा? अन् चायना हाय त ओरिजनल कसा?"

"अहो, चायनाचा ओरिजनल ड्रेस!"

"आमाले गंडवता काय? चायनात कुठं काही ओरिजनल असते?"

दोघंही तापले. शेवटी मीच मध्ये पडले आणि सांगितलं की कापड सुरतेचं आहे आणि शिवलाय इथंच, मागच्या गल्लीत. भावाचा चेहरा एकदम खुलला.

"असं सांगा ना मंग! द्या, पॅक करा. चायना असता त घेतला नसता."

तेव्हापासून रोज हाच प्रश्न. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "चायना?" आम्ही मान डोलावतो. मग विचारतो, "ओरिजनल?" आम्ही परत मान डोलावतो. जास्त बोलायचं नाही, असं बाबांनीच ठरवून टाकलं.

*

हाच नवरदेव ड्रेस घालून सेमाडोहला गेला. किस्सा प्रफुलनं फोनवर सांगितला. आमचे फोन तेव्हा रोज व्हायचे, बाबा जेवून आडवे झाले की.

जंगलाच्या नाक्यावरच्या गार्डनं गाडीत वाकून पाहिलं. मागच्या सीटवर लाल-निळी जोडी.

"पासपोर्ट दाखवा."

नवरदेव म्हणाला, "कायचा पासपोर्ट? मी दर्यापूरचा हाय!"

"दर्यापूरचा मानूस असा झगा काहून घालन?"

प्रफुलनं कॅमेरा दाखवला तर गार्डचा संशय आणखीच वाढला. म्हणाला, "थांबा. आत्ताच पायतो. दर्यापूरचा असशीन त सांग, रोडगे कायवर भाजतेत?"

नवरदेव शाळेपासून पुण्यात. घाबरून म्हणाला, "ओव्हनमध्ये?"

मागून नवरी ओरडली, "गोवऱ्याईवर! अन् संगं वांग्याची भाजी!"

गार्डनं तिला चक्क नमस्कार केला.

"तुमी जा ताई. याले इथंच उतरवा, हा पक्का बाहेरचा हाय!"

मी हा किस्सा बाबांना सांगितला, अर्थात कुठून कळला ते न सांगता. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "गार्ड हुशार आहे. असा एक मानूस आपल्या काउंटरवर पाह्यजे." आणि मग हळूच, "पण तुले हे सांगतलं कोनं?"

मी टमाटरच्या ड्रेसला इस्त्री करायला घेतली.

*

अकोल्याचं एक जोडपं तर त्याच्या पुढचं. त्यांनी चिखलदऱ्याला फोटो काढले आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं की आम्ही चीनला जाऊन आलो! सगळ्यांनी अंगठे दिले, हृदयं दिली. फक्त एका आत्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. जोडप्याच्या मागे, धुक्यात, हातगाडीवर पाटी: गरमागरम कणीस.

आत्यानं ग्रुपवरच विचारलं, "चीनमधी मराठी पाट्या असतेत काय? आपल्या इथं लावाले तयार नसतेत!" आणि वर, "माह्यासाठी काय आनलं तिथून?"

दोघं घामाघूम होऊन दुकानात आले. "काका, चीनहून आणल्यासारखं वाटेल असं काही द्या हो, आत्याला भेट द्यायचंय!"

बाबांनी माळ्यावरून एक कागदी पंखा काढला. त्यावर बांबूचं चित्र. दोघांनी बाबांचे पाय धरायचे तेवढे ठेवले.

"न्या," बाबा म्हणाले. "पन सोमवारी परत पाह्यजे. विकत नाई, भाड्यानं आहे."

आत्याला दिलेली भेट त्यांनी परत कशी मागितली ते मला आजवर कळलेलं नाही. पण पंखा सोमवारी आला!

*

इकडे प्रफुलचं येणं वाढलं. दर आठवड्याला अकोल्याहून यायचा, लाल ड्रेस न्यायचा, परत आणायचा. लग्नाचा सीझन संपला तरी येणं चालूच. बाबांनी एकदा परत आलेला ड्रेस नाकाला लावला.

"घामाचा वास नाई. पावडरचा वास नाई. घडी आपलीच आहे. मंग हा पोट्टा ड्रेस नेते कायले?"

मला माहीत होतं कायले. ड्रेस न्यायला एक फेरी आणि द्यायला एक फेरी, म्हणजे आठवड्यातून दोनदा मी दिसणार! मला इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून हसले. पण बाबांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं.

"काहीतरी दोन नंबरचं आहे. जो मानूस कपडे नेते अन् घालतच नाई, तो त्याचं करते काय?"

*

आणि बाबा गेले ना अकोल्याला! मला सांगितलं, "काकाकडं जाऊन येतो," आणि सरळ एसटीत बसले. प्रफुलच्या स्टुडिओशेजारच्या पानठेल्यावर उभे राहिले, पान घेतलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथं प्रफुल नावाचा फोटोग्राफर राह्यते म्हनतेत. पोरगा कसा आहे?"

आता बाबांचं विचारणं म्हणजे पोलिसासारखं. पानवाल्याला वाटलं, हा कोर्टाचं समन्स घेऊन आलाय. शेजाऱ्याला वाचवायचं म्हणून तो ठामपणे म्हणाला, "असा कोनी इथं राह्यतच नाई."

बाबांनी वर बघितलं. डोक्यावर बोर्ड: प्रफुल फोटो स्टुडिओ.

"मंग हे काय आहे?"

"ते? तो गेला. लय दिवस झाले. पत्ता बी नाई सांगतला."

तेवढ्यात स्टुडिओच्या शटरआडून प्रफुलनं डोकं बाहेर काढून सांगितलं, "भाऊ, एक कट चहा सांगजो!" त्याला बाबा दिसले नाहीत. बाबांना तो दिसला.

घरी आल्यावर बाबांनी चप्पलसुद्धा काढली नाही. "ज्याचा शेजारीच म्हनते का असा मानूसच नाई, त्याले मी पोरगी देऊ? विषय संपला. अकोल्यात द्याचीच नाई!"

मी रात्री जेवले नाही. बाबांनी दोनदा ताट पुढं सरकवलं, मी दोनदा मागं. किस्से सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं होतं की आता काही होत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर प्रफुलला सगळं सांगितलं.

*

त्यानंतरची ही दुपार. एका नवरीला लाल ड्रेस अंगावर कसा दिसतो त्याचा फोटो हवा होता. मॉडेल कुठून आणणार? मीच घातला. केस वर बांधले, त्यात लोंबणारी फुलं खोवत होते आणि उरलेल्या पिना दातांत धरल्या होत्या. बाबा आत मोबाईलचं चार्जर शोधत होते.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायातल्या चपलेला काळी माती. मला बघून ती जागीच थबकली. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. मग एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं विचारलं, "चायना?"

रोजचाच प्रश्न. तोंडात पिना. मी मान डोलावली.

बाईनं एक पाऊल पुढं टाकलं. "ओरिजनल?"

मी परत मान डोलावली.

बाई मटकन स्टुलावर बसली. पदरानं वारा घ्यायला लागली. मला वाटलं ऊन लागलं असेल, म्हणून खुणेनं पाणी दाखवलं. ती दोन घोट प्यायली. मग हिंदीवर आली.

"तुम... प्रफुल... अकोला... मालूम?"

नाव ऐकून मी दचकले, पण पिना अजून दातांतच. मान डोलावली.

"अच्छा लडका. मेरा लडका." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "तुम... भाकर खाते? भात? हम भात करेंगे. रोज करेंगे. फिकर नई."

असं म्हणत तिनं पिशवीत हात घातला आणि बाहेर काढलं खण आणि नारळ. वर तांदळाची पुडी, हळद, कुंकू. उठून माझ्यासमोर आली आणि पदर पुढं कर म्हणून हातानं खूण केली. त्या ड्रेसला पदर कुठून असणार? तर तिनं ती मोठी बाहीच पसरली आणि त्यात तांदूळ घालायला लागली!

मी पिना काढल्या. "मावशी, बसा ना आधी! मले काहून ओटी भरून राहिल्या तुमी?"

बाईच्या हातातला नारळ सुटला.

"अव माय! इले त आपली भाषा येते!"

नारळाच्या आवाजानं बाबा बाहेर आले. खाली नारळ, बाहीत तांदूळ घेऊन मी, समोर अनोळखी बाई. बाबांनी आधी संशयानं तिची पिशवी बघितली, मग तिला. "कोन तुमी?"

"प्रफुलची माय."

मग सगळं बाहेर आलं. प्रफुलनं माझा नंबर मोबाईलमध्ये 'चायनावाली' म्हणून ठेवलेला. चायना ड्रेसवाली, एवढंच त्याच्या मनात! रोज दुपारी फोन वाजायचा आणि स्क्रीनवर 'चायनावाली' यायचं. अकोल्याला बाबांचं काय झालं ते कळल्यापासून पोरगा जेवेना, बोलेना. आईनं विचारलं तर एवढंच म्हणाला, "तिच्या घरचे आयकत नाईत." आईनं घरात कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस मनाशी भांडली, विकायच्या भाजीचं गाठोडं जावेच्या हवाली केलं आणि एसटीनं अमरावती गाठली. चायनाचं दुकान कुठं म्हणून विचारत आमच्यापर्यंत आली.

"मले वाटलं पोरगी त्याच देशाची हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, असू दे. पोरगं झुरून राह्यलं. तिले आपलं काही येत नसन, त आपन शिकवू."

माझे डोळे भरून आले. मी बाहीतले तांदूळ घट्ट धरून तशीच उभी राहिले.

बाबा मात्र बाबाच. घसा खाकरला, भिंतीवरच्या मावळ्यांकडे बघत म्हणाले, "ते ठीक आहे. पन आमाले अकोल्यात पोरगी द्याची नाई. तिकडच्या लोकाईचा भरोसा वाटत नाई."

प्रफुलच्या आईनं खालचा नारळ उचलला, पदरानं पुसला आणि बाबांकडे वळली.

"भाऊ, मी चिनी सून कराले तयार होऊन आली. तुमाले अकोल्याचा जवाई चालत नाई?"