राउटरमधली झुरळं

मंडळी, थंडीत झुरळं मरतात असं आमचे हे आठवडाभर सांगून राहिले होते. खरं काय ते आज कळलं.

सकाळी मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अन् ऐन वेळी वायफाय बंद! शेजारचे भैया धावत आले. राउटर उघडला तर आत सात-आठ झुरळं ऊब घेत बसलेली.

"दीदी, ठंड तो इनको भी लगती है ना!"

भैयांनी राउटर झटकून परत लावला. झुरळं टेबलावर पळाली, मुलगी ब्लेझरसकट खुर्चीवर चढली अन् तेवढ्यात स्क्रीनवर मॅडम आल्या.

"आप खड़ी क्यों हैं?"

"मैम, कॉकरोच!"

मॅडमनी तिकडे दिल्लीत पाय वर घेतले! पुढचा इंटरव्ह्यू मात्र हसतखेळत झाला.

तुमच्याकडची झुरळं हिवाळ्यात कुठं लपतात हो?