पदराखालचं बाळ

नातवंडांनो, अंबरनाथ पूर्वेच्या एका इस्पितळात शेजारणीच्या लेकीला भेटायला गेले होते. पलीकडच्या खाटेशी माझ्याच वयाची एक बाई सव्वाचार किलोचा नातू पदराखाली घेऊन बसली होती. कुणी वाकलं की पदर आणखी ओढी. माझ्याकडेही संशयानंच बघे.

सिस्टर म्हणाली, "आजी, सुनेला शुगर होती, म्हणून बाळ एवढं वाढलं. अशी बरीच येतात. पण आता त्याची साखर एकदम उतरू शकते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊ द्या."

"आधी सगळ्या वॉर्डात वजन ओरडून सांगून दृष्ट लावलीत. आता रक्त पण काढा!"

"आणि झटके आले तर?"

 पदराखालून एक गुलाबी टाच तेवढी बाहेर आली.

"पाय घ्या. तोंड नाय दाखवणार."