नसलेल्या जखमेची पट्टी

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं आधी टाके बघतात. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात, पाणी पितात आणि मग म्हणतात, "दावा बरं." अपेंडिक्सवाला शर्ट वर करतो, पाय मोडलेला चादर सारतो. त्यात कुणाला गैर वाटत नाही. जखम पाहिली की आलेल्याचं येणं सार्थकी लागतं आणि जखम दाखवली की आजाऱ्याला झोपून राहायचा हक्क मिळतो. ईट गावाजवळच्या आमच्या खेड्यात हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. त्याचा विचार करायची वेळ माझ्यावर यजमानांच्या आजारपणात आली.

ते एसटीत ड्रायव्हर होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघंही निवृत्त झालो होतो. त्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर औषधं चालू होती आणि त्यातच डोक्यात एक लहानशी गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोकं उघडायची गरज नाही. यंत्राचा एक हात डोक्याभोवती फिरेल आणि निरनिराळ्या बाजूंनी बारीक किरण त्या एकाच जागी सोडेल. एकेक किरण दुबळा असतो, पण सगळे जिथं भेटतात तिथं जोर होतो. कापणं नाही, भूल नाही, त्याच दिवशी घरी. मात्र गाठ लगेच नाहीशी होणार नाही. वाढायची थांबली तरी पुष्कळ. ते कळायला काही महिने लागतील. तोवर थकवा येईल, डोकं दुखेल, सूज चढू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतील. छातीतल्या आजाराला याचा उपयोग नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं. कुणी काही लपवलं नाही.

आधी चेहऱ्यावर गरम, ओली, मऊ जाळी दाबून त्यांचा मुखवटा केला. निवली की ती कडक झाली. उपचाराच्या वेळी तोच मुखवटा घालून डोकं पलंगाला अडकवलं. आत ते एकटेच. बाहेर पडद्यासमोर बसलेली मुलगी माइकवरून म्हणाली, "काका, झोप लागली तरी चालेल, फक्त हलू नका. हललात तर मशीन थांबेल आणि परत जागा शोधेल. घाबरू नका."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दुखलं का?"

"काय बी न्हाय. नुसतं गुं गुं करत फिरत हुतं." गालावर जाळीचे चौकोन उमटले होते, ते चोळत हसले. "जन्मभर डुलकी लागू दिली न्हाय, म्हटलं मागं पन्नास माणसं हायती. आन् इथं म्हणतेत, झोपा."

गालावरचे चौकोन गाडीत बसेपर्यंत गेले. दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

गावात सगळ्यांना वाटलं होतं की डोक्याचं मोठं ऑपरेशन आहे. निघताना बायका रडल्या होत्या. परत आलो तर अंगण भरलं. थोरल्या जाऊबाई पुढं आल्या, "भावजी, दावा बरं." यजमानांनी मान खाली घातली. जाऊबाईंनी उवा बघाव्यात तसे त्यांचे दाट पांढरे केस बाजूला करून पाहिले.

"आगं बया, वरखडाबी न्हाय की!"

"पुण्याला जाऊन फोटू काढून आलाव व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या म्हशीचं शिंग मोडलं तर महिनाभर पट्टी हुती."

सगळे हसले. तेही हसले. मी किरणांचं सांगायला लागले, पण वर्गात शिकवताना लागायचा तसा आवाज लागला नाही. पाणी पिऊन माणसं पांगली आणि मला वाटलं, आम्ही लोकांचं रडणं फुकट घेतलं.

थकवा आला तो सांगितल्याप्रमाणेच आला. ते दिवसा झोपायचे. सोयाबीनची काढणी चालू होती, घरातली सगळी माणसं रानात. येणारा-जाणारा ओट्यावरून डोकावून म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, गाडी डेपोतच का अजून?" एका सकाळी ते उठून रानात गेले. बांधावर जेमतेम पोचले आणि बसले. पुतण्यानं मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. संध्याकाळी मला म्हणाले, "अगं, घरात पट्टी हाय का?"

मला वाटलं, पायाला लागलं.

"डोक्याला बांध," म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मी बांधली. त्यांनी सांगितलं म्हणून बांधली असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण पट्टी फार कोरी दिसते म्हणून तिच्यावर आयोडीनचा डाग मी माझ्या मनानं लावला. विज्ञान शिकवत होते मी.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातले आवाज खाली आले. जाऊबाईंनी आंबील पाठवली. "आतली जखम आता वर फुटली जणू, उगं हसलो आपण," त्या म्हणाल्या. ते निवांत झोपू लागले. मी पट्टी आतल्या खोलीत धुवायची, तिथंच वाळत घालायची, पुन्हा डाग लावायची. डाग जरा वेगळा यावा याचीही काळजी घ्यायची, कारण जखम भरत यायला हवी.

मग शेजारच्या वाशीहून त्यांचे जुने कंडक्टर आले. एकाच गाडीवर दोघांची निम्मी नोकरी गेली होती. दुचाकी लावून आत आले, पट्टी पाहिली आणि दारातच थांबले. "उस्ताद, हे काय करून घेतलंत?" डोळे भरलेले. खाटेवर बसले, जवळून पाहिलं, म्हणाले, "वहिनी, ढिली बांधलीय. मी बांधतो. गाडीतल्या मलमपट्टीच्या पेटीवर हात बसलाय माझा."

"असू द्या," मी म्हणाले. "असू दे रे," तेही म्हणाले. तोवर कंडक्टरांनी पट्टी सोडली होती.

कंडक्टरांनी एकदा त्यांच्या केसांकडं पाहिलं, एकदा हातातल्या डागाकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. मग त्यांनी पट्टी नीट गुंडाळली, डाग बरोबर जागेवर येईल अशी परत बांधली, गाठ मारली. "आता हलायची न्हाय," म्हणाले. आणि गाडी सोडताना द्यायची तशी खाटेच्या दांडीवर बोटानं टकटक करून डबल बेल दिली. चहा घेतला. सोयाबीनच्या भावावर बोलले आणि गेले.

यजमान भिंतीकडं तोंड करून पडले. तिकडूनच म्हणाले, "त्यानं इचारलं आसतं तरी बरं झालं आसतं."

काही महिन्यांनी पुण्याला तपासणी झाली. गाठ आक्रसली होती. डॉक्टर खूश होते, ते म्हणाले होते तसंच झालं होतं. एवढी चांगली बातमी घेऊन आम्ही परतलो आणि कुणालाच सांगता येईना. काय सांगणार? पट्टी तेवढी निघाली. जाऊबाई म्हणाल्या, "भरली वाटतं जखम," आणि आम्ही दोघंही हो म्हणालो. त्या यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं आणि त्याच्या नावावर आम्ही एक चिरफाड लावून दिली होती.

उन्हाळ्यात छातीनं दगा दिला. अंगणात माणसं जमली तेव्हा कानावर आलं, "डोकं उघडलं तितंच मानूस संपला बघा." मी त्यांच्या पायाशी बसले होते. डोकं कुणी उघडलं नव्हतं, असं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

आंघोळ घालायला त्यांना पाटावर घेतलं. पुरुष घोळका करून उभे राहिले आणि सगळ्यांचे डोळे डोक्याकडं गेले. ऑपरेशनची खूण आता दिसेल, म्हणून. केस ओले होऊन चिकटले की कोरी टाळू उघडी पडणार होती. मी पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात कंडक्टर पुढं झाले. पुतण्याच्या हातातला तांब्या त्यांनी घेतला. डावा पंजा त्यांनी, पट्टीवरचा डाग यायचा बरोबर त्या जागी पसरून ठेवला, जखमेला पाणी लागू नये म्हणून ठेवतात तसा, आणि दुसऱ्या हातानं कडेकडेनं पाणी सोडत राहिले. अंग पुसून डोक्याला फडकं बांधून होईपर्यंत त्यांनी तो हात उचलला नाही.