आबांच्या पटक्यावरचा गुलाल

परवा कोल्हारच्या चौकात गुलालाचा वास नाकात शिरला आणि माझा हात आपोआप भुवईवरच्या व्रणाकडे गेला. स्टेजवर दोन पुढारी गळ्यात गळे घालून एकमेकांना गुलाल फासत होते. बघून अंगाचा तिळपापड झाला.

पंधरा वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या निवडणुकीत याच दोघांपायी माझं आणि आबांचं, माझ्या आजोबांचं, बोलणं तुटलं होतं. आबा थोरल्या पुढाऱ्याचे. मी कॉलेजात, धाकट्याच्या पॅनेलची. आबांचं पॅनेल पडलं. मी मिरवणुकीतून गुलालानं माखलेली तशीच घरी धावले आणि ओट्यावर मान घालून बसलेल्या आबांच्या पांढऱ्या पटक्यावर मूठभर गुलाल फेकला.

"पडलं तुमचं पॅनेल! आता तरी डोळे उघडा!"

हरलेल्याच्या दारात गुलाल नेऊ नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्यांनी मला कधी चापटही मारली नव्हती, त्या आबांनी काठी उचलली आणि थेट कपाळावर हाणली. मी ओट्याखाली कोसळले, तरी काठी पुन्हा उगारलेलीच.

"मढं बशिवलं तुज्या पुढाऱ्याचं!"

मग काठी फेकून त्यांनीच मला हौदाकडे ओढत नेलं. तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतत राहिले. गुलाल कधीच धुऊन गेला होता. पाणी मात्र लालच वाहत होतं, आणि ते कशानं, हे दोघांनाही दिसत होतं.

"किती गुलाल माखलाय गं पोरी," आबा पुन्हा तांब्या बुडवत म्हणाले, "निघंना झालाय."

"पक्का असतो, आबा," मी म्हणाले.